विश्लेषण : डिझेल भरलेले, बॅटरी चांगली, तरी इंजिन दम का सोडते?

शेतातला पंप असो, ट्रॅक्टर असो की समुद्रातली बोट. सुरू होऊन बंद पडणाऱ्या डिझेल इंजिनाचे दुखणे बहुतेक वेळा महागड्या पंपात नसते. ते टाकी, पाइप आणि फिल्टरमध्ये असते. ते शोधायचे कसे?

जुन्नर आणि आंबेगावच्या ऊस-कांद्याच्या पट्ट्यात इंजिन बंद पडणे हा नुसता खोळंबा राहिलेला नाही. शेतीची थ्री-फेज वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते आणि रात्री उसात दारे धरायला जाणे म्हणजे बिबट्याच्या वाटेत उभे राहणे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांचा जुन्नर वनविभाग बिबट्या-माणूस संघर्षासाठी राज्यभर ओळखला जातो. दिवसा वीज द्या, ही इथली जुनी मागणी त्यातूनच आलेली आहे. ज्याच्याकडे डिझेल पंप आहे किंवा ट्रॅक्टरवर चालणारा पंप आहे, तो दिवसाउजेडी भरणे उरकू शकतो. पण दुपारी चारला इंजिन हेलकावे खाऊन बसले आणि दिवेलागणीपर्यंत उठलेच नाही, तर तोही त्याच अंधाऱ्या वाटेवर येतो.

इंजिन असे बसले की पहिला संशय ‘पंप गेला’ किंवा ‘नोझल गेले’ असा येतो. पंप उतरवून तालुक्याच्या गावी कॅलिब्रेशनला जातो, दोन-चार दिवस मोडतात, खर्च हजारांत जातो. पंप परत बसवल्यावर इंजिन सुरू होते आणि दोन दिवसांनी पुन्हा तसेच बंद पडते. दोष टाकीच्या झाकणात किंवा पाइपच्या एका वॉशरमध्ये असतो, तो तिथेच राहिलेला असतो.

इंजिनाला नेमके काय हवे असते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा पिस्टन इतकी दाबतो, की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला, की ते आपोआप पेटते. जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनाचे तत्त्व हेच होते आणि आजही तेच आहे. म्हणजे इंजिनाला लागते हवा, दाब आणि योग्य क्षणी योग्य मापाचे स्वच्छ डिझेल. चालू इंजिन अचानक बंद पडते, तेव्हा हवा आणि दाब सहसा एका क्षणात नाहीसे होत नाहीत. डिझेल मात्र होते.

या डिझेलचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. टाकी, कॉक, पाणी वेगळे करणारी वाटी, फीड पंप आणि फिल्टर हा कमी दाबाचा टप्पा. इथे दाब जेमतेम एक-दोन बारचा. फीड पंपाच्या आधी तर उलट ओढ असते. त्यापुढे मुख्य पंप, जाड भिंतीचे लोखंडी पाइप आणि नोझल हा जास्त दाबाचा टप्पा. जुन्या मेकॅनिकल इंजिनात नोझल साधारण दोनशे बारच्या आसपास उघडते. मुख्य पंपाचा प्लंजर आणि त्याचे घर यांच्यात दोन-तीन मायक्रॉनचीच फट असते. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या घरात भरतो.

याच आकड्यांत सगळी गोम आहे. डिझेल दाबले जात नाही, म्हणून प्लंजर पुढे सरकताच दाब थेट नोझलपर्यंत पोहोचतो. हवा मात्र दाबली जाते. पंपात हवेचा बुडबुडा शिरला, की प्लंजर त्या बुडबुड्यालाच दाबत आणि सोडत बसतो. नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. पंप धडधाकट, नोझल धडधाकट, टाकी भरलेली आणि तरी इंजिन ढिम्म. गावाकडे याला ‘एअर धरली’ म्हणतात. शब्द अगदी बरोबर आहे.

बोटीवर हे कसे शोधतात?

जुन्नरहून समुद्र तसा लांब नाही. नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारी वाट दोन हजार वर्षांची आहे. बोटीच्या इंजिनाची गोष्ट इथे आणायचे कारण मात्र वेगळे. भर समुद्रात गॅरेज नसते. इंजिन बंद पडले की वारा आणि ओहोटी बोटीला नेईल तिकडे ती जाते. त्यामुळे बोटीवर काम करणाऱ्यांनी एक शिस्त घालून घेतली आहे : शोध टाकीपासून सुरू करायचा आणि डिझेलच्या वाटेने पुढे जायचे. स्वस्त, सोपे आणि हाताशी असलेले आधी. पंप आणि नोझल सर्वांत शेवटी.

समुद्रात आणखी एक अनुभव येतो. फिल्टर तुंबतो तो नेमका खवळलेल्या पाण्यात. टाकीच्या तळाशी महिनोन् महिने बसलेला गाळ लाटांच्या हिंदकळ्याने वर उठतो आणि एकदम फिल्टरवर येतो. म्हणून मोठ्या बोटींवर दोन फिल्टर शेजारी-शेजारी बसवलेले असतात. एक तुंबला तर इंजिन न थांबवता कॉक फिरवून दुसऱ्यावर जाता येते. जमिनीवर हेच काम खडबडीत पाणंद रस्ते करतात. उसाची भरलेली ट्रॉली ओढत ट्रॅक्टर खड्ड्यांतून जातो, टाकी ढवळली जाते आणि ऐन चढावर इंजिन दम सोडते. टाकीत डिझेल कमी असेल तर चढावर ते एका बाजूला जाते, दुसऱ्या बाजूचे तोंड उघडे पडते आणि पाइप हवा ओढतो. पश्चिम भागातल्या उतारावरच्या खाचरांत हा प्रकार जास्त.

डिझेलचा पुरवठा तुटल्याने काय होऊ शकते, याचे सर्वांत मोठे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतले आहे. २६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या ‘डाली’ या सुमारे ३०० मीटर लांबीच्या मालवाहू जहाजाची वीज गेली आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळले. पूल कोसळला, त्यावर काम करणारे सहा कामगार मरण पावले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात पहिल्यांदा वीज जाण्याचे मूळ एका सैल वायरमध्ये सापडले. वीज परत आली, पण काही क्षणांतच दुसऱ्यांदा गेली. ते मात्र डिझेलच्या पुरवठ्यामुळे. जनरेटरच्या इंजिनांना डिझेल देण्यासाठी तिथे पाइप धुण्यासाठीचा पंप वापरला जात होता. वीज गेल्यावर हा पंप थांबला आणि तो आपोआप परत सुरू होणारा नव्हता. जनरेटरची इंजिने चालत राहिली, पण त्यांना डिझेल मिळेना. एवढ्या अवाढव्य जहाजावरही अडचण आली ती कमी दाबाच्या टप्प्यात.

आधी धूर बघायचा

पाना उचलण्याआधी दोन मिनिटे नुसते बघण्यात घालवावीत. पहिली गोष्ट हास्यास्पद वाटेल, पण मेकॅनिक तिच्यापासूनच सुरुवात करतात : बंद करायची दोरी किंवा दांडी ओढलेलीच तर राहिली नाही ना? ज्या इंजिनात बंद करण्यासाठी विजेचा सोलेनॉइड आहे, त्याची वायर सुटली तरी डिझेल अडते. चावी फिरवल्यावर ‘टक’ असा आवाज नेहमी येत असेल आणि आज येत नसेल, तर दोष डिझेलचा नाहीच.

मग स्टार्टर मारताना सायलेन्सरकडे पाहावे. अजिबात धूर नाही, म्हणजे सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचतच नाही. पांढरा धूर येतो पण इंजिन पेटत नाही, म्हणजे डिझेल येते आहे, ते जळत नाही. तिथे गारठा, कमी झालेले कॉम्प्रेशन, चुकलेले टायमिंग किंवा डिझेलमधले पाणी यांचा विचार करावा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर धुळीने भरला असेल किंवा नोझल गळत असेल. काळ्या धुरासाठी डिझेल फिल्टर बदलत बसणे म्हणजे डोके दुखते म्हणून पायाला मलम.

इंजिन सुरू होऊन मिनिटभरात मरते, तेव्हा हवा, बंद कॉक किंवा टाकीचे बुजलेले छिद्र. मोकळे छान चालते पण लोड येताच बसते, तेव्हा तुंबलेला फिल्टर किंवा दबलेला पाइप : थोडे डिझेल मिळते, जास्त लागले की कमी पडते. आवाज एकसारखा वर-खाली होत राहतो, तेव्हा हवा थोडी-थोडी शिरते आहे.

टाकीच्या छिद्राबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण ते सर्वांत जास्त विसरले जाते. टाकीतून डिझेल बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असते. ते चिखलाने, रंगाने किंवा कुंभारमाशीच्या घराने बुजले, की टाकीत ओढ तयार होते आणि काही वेळाने डिझेल येईनासे होते. इंजिन बंद पडल्यावर झाकण सैल करावे. ‘फुस्स’ असा आवाज आला आणि इंजिन पुन्हा नीट चालू लागले, तर दुरुस्तीचा खर्च एका काडीचा.

गळत नाही, म्हणजे हवा शिरत नाही?

हा गैरसमज घराघरांत आहे. पाइपवरून हात फिरवला, कुठे ओले लागले नाही, म्हणजे पाइप चांगला, असे धरले जाते. टाकी इंजिनाच्या वर असेल, तर हे बऱ्याच अंशी खरे. लहान सिंगल सिलिंडर इंजिनात टाकी डोक्यावरच असते, डिझेल स्वतःच्या वजनाने उतरते आणि अनेकदा फीड पंप नसतोच. तिथे भेग पडली की थेंब दिसतो.

पण टाकी खाली असेल, जशी बोटीत बहुधा असते, तर टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात ओढ असते. त्या भागातली भेग डिझेल बाहेर सोडत नाही, हवा आत घेते. पाइप कोरडा ठणठणीत आणि इंजिन मात्र हेलकावे खाते. धरणाच्या फुगवट्यावर इंजिन ठेवणाऱ्यांच्या हे विशेष कामाचे. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे किंवा डिंभे, कोणत्याही जलाशयात उन्हाळा वाढला की पाणी मागे सरकते आणि त्यामागे इंजिनही खाली न्यावे लागते. उचलाउचलीत पाइप वाकतात, क्लिप सैल होतात, टाकीऐवजी जमिनीवरच्या कॅनमध्ये नळी सोडली जाते. कॅन खाली गेला की ओढ आली, आणि ओढ आली की प्रत्येक जुना रबरी पाइप संशयित. बँजो बोल्टखालचे तांब्याचे वॉशर एकदा दबले की पुन्हा नीट बसत नाहीत. बोल्ट उघडला की वॉशर नवे घालावेत. ते अगदीच स्वस्त असतात, पण घरात नसतात, म्हणून जुनेच पुन्हा लावले जातात.

पाच लिटरचा कॅन काय सांगतो?

दोष टाकीच्या बाजूला आहे की इंजिनाच्या, हे ठरवायची एक जुनी आणि खात्रीची युक्ती आहे. स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन इंजिनापेक्षा वर घट्ट बांधायचा. त्यातून नवी, शक्यतो पारदर्शक नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडायची. मूळ टाकी आणि तिचा पाइप पूर्ण बाजूला. एअर काढून इंजिन सुरू करायचे आणि लोड द्यायचा.

इंजिन नीट चालले, तर टाकी, छिद्र, कॉक, जाळी, पाइप यांपैकीच काहीतरी. पंपाला हात लावायची गरज नाही. तरीही बसले, तर फीड पंप, फिल्टर किंवा पुढचा भाग. पारदर्शक नळीचा फायदा असा की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. अर्ध्या तासाच्या या परीक्षेने निम्मे इंजिन संशयातून मोकळे होते. पंप उतरवायला सांगणाऱ्या मेकॅनिकला आधी ही परीक्षा करायला सांगण्यात काही वावगे नाही. चांगला मेकॅनिक रागावणार नाही.

फीड पंपाचा पडदा फाटला असेल तर त्याची एक खूण इंजिन ऑइलमध्ये सापडते. ऑइलची पट्टी काढून पाहावी. पातळी न भरता वाढलेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे. असे इंजिन चालवू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते.

एअर काढताना घाई नडते

पद्धत सोपी आहे, चूक क्रमात होते. टाकी निदान अर्धी भरावी, कॉक उघडा असावा. आधी फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करून फीड पंपाची हातदांडी मारावी. फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. दांडी मारत असतानाच स्क्रू आवळावा. हात थांबवून आवळला की हवा परत आत. त्यानंतर मुख्य पंपावरचा स्क्रू, तसाच. एवढ्याने सुरू झाले नाही, तर नोझलकडच्या पाइपांचे नट एक-दीड फेरा सैल करून स्टार्टर मारावा, थेंब आले की आवळावेत. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये थंड होऊ द्यावा. ज्या बोटींत समुद्राचे पाणी सायलेन्सरमधून बाहेर जाते, तिथे स्टार्टर फार वेळ मारला तर ते पाणी साचून इंजिनात उलटे शिरू शकते. म्हणून पाण्याचा कॉक आधी बंद करतात आणि इंजिन पेटताक्षणी उघडतात.

एअर काढली, इंजिन चालले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. याचा अर्थ एअर नीट निघाली नव्हती असा बहुधा नसतो. हवा शिरायची वाट अजून उघडी आहे, असा असतो.

पाणी आणि पावसाळा

भीमाशंकरच्या डोंगररांगेखालच्या गावांत पावसाळाभर हवा ओलीचिंब असते. अर्धी रिकामी टाकी चार महिने उभी राहिली, की रात्री पत्रा गार पडतो आणि आतल्या हवेतली वाफ थेंब होऊन खाली उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात जिवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांचा काळपट बुळबुळीत थर सुटून फिल्टरवर येतो. लोक त्याला शेवाळ म्हणतात. ते शेवाळ नव्हे, पण फिल्टर तुंबवायला तेवढेच पुरेसे. मुख्य पंपात गेलेले पाणी त्याहून वाईट. त्या दोन-तीन मायक्रॉनच्या फटीला वंगण डिझेलच पुरवते. पाणी गंज पुरवते.

उपाय साधे आहेत. उभ्या करायच्या इंजिनाची टाकी पावसाळ्याआधी काठोकाठ भरावी. डिझेलचे पिंप उघड्यावर सरळ उभे ठेवू नये. वरच्या खोलगट भागात पाणी साचते आणि बुचातून आत झिरपते. कापडातून गाळल्याने कचरा अडतो, पाणी अडेलच असे नाही. शंका असेल तर टाकीच्या तळातले डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला, तर टाकीचा तळ मोकळा करेपर्यंत इंजिन सुरू करू नये. पाणी वेगळे करणारी वाटी रोज सकाळी पहिल्या स्टार्टरच्या आधी रिकामी करावी, कारण रात्रभरात पाणी खाली बसलेले असते.

हल्ली इंजिन बिघडले की ‘इथेनॉलमुळे’ असे पटकन म्हटले जाते. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळून मिळते ते पेट्रोल. पंपावरच्या डिझेलमध्ये ते नसते. डिझेलमध्ये पाणी दिसले तर ते टाकीतून, पिंपातून, कॅनमधून किंवा विकत घेतलेल्या डिझेलसोबतच आले आहे.

इथे हात लावू नये

चार सिलिंडरच्या जुन्या इंजिनात एक सिलिंडर मारत नसेल, तर मेकॅनिक मंद चालू इंजिनावर एकेका नोझलचा नट सैल करून आवाज ऐकतात. ज्याचा नट सैल केल्यावर आवाज बदलत नाही, तो आजारी. ही रीत फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनासाठी आणि तीही चष्मा लावून, नटावर जाड फडके धरून. उच्च दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. बाहेर टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही, आत मात्र मांस मरू लागते. असे झाले तर हळद लावून घरी थांबू नये. लगेच रुग्णालय गाठावे आणि डिझेल आत गेले आहे, हे डॉक्टरांना सांगावे.

नव्या कॉमन रेल इंजिनात चालू असताना एकही नट सैल करू नये. तिथला दाब हजार बारच्या पुढे असतो. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ उत्सर्जन निकष लागू झाल्यावर अशी इंजिने शेतात येऊ लागली आहेत. त्यांची टाकी, वाटी, फिल्टर आणि छिद्र मालकाने पाहावे. त्यापुढचे काम संगणक जोडणाऱ्याचे.

मेकॅनिकला फोन करताना ‘इंजिन बंद पडले’ एवढेच सांगू नये. बंद पडताना लोड होता की नाही, स्टार्टर मारताना धूर आला का आणि कोणत्या रंगाचा, झाकण उघडल्यावर आवाज आला का, फिल्टर कधी बदलला, शेवटचे डिझेल कुठून भरले आणि वरच्या कॅनवर इंजिन चालले का, हे सांगितले तर तो कोणते सामान सोबत आणायचे ते ओळखून निघतो आणि अंधार पडायच्या आत इंजिन चालू होण्याची शक्यता वाढते.